स्कॅन स्वच्छ, तरी मानेची शस्त्रक्रिया का?

खर्रा आपल्या वर्धा जिल्ह्याला नवा नाही आणि त्यातून उद्भवणारा तोंडाचा कर्करोगही नवा नाही. हा रोग प्रथम पसरतो तो बहुधा मानेतील लसिकाग्रंथींमध्ये. म्हणूनच सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयात गेल्यावर मानेचा कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन सुचविला जातो.

या तपासणीत शिरेवाटे आयोडीनयुक्त औषध देतात. रक्तासोबत ते ग्रंथीत पोहोचते आणि तिचे अंतरंग ठळक होते. कडा उजळ व मध्यभाग काळसर दिसल्यास कर्करोगाचा संशय बळावतो. क्षयाची गाठही अशीच दिसू शकते. त्यामुळे सुईने पेशी काढून खात्री करावी लागते. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेहाच्या गोळ्या व पूर्वीची ॲलर्जी डॉक्टरांना आधीच सांगा.

मात्र, ग्रंथीत लपलेल्या मोजक्या कर्करोगपेशी स्कॅनलाही दिसत नाहीत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे मोलाचा आहे. तोंडाचा कर्करोग प्रारंभिक अवस्थेत असलेल्या, मानेत गाठ न आढळलेल्या ५०० रुग्णांची त्यात तुलना होती. पहिल्याच शस्त्रक्रियेत ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते.

तेव्हा शल्यचिकित्सकांनी ग्रंथी काढण्याचा सल्ला दिला, तर केवळ अहवाल स्वच्छ आहे म्हणून तो नाकारू नका. शंका विचारा, परंतु गाठ दिसण्याची वाट पाहू नका.