शर्यतीनंतरचे पहिले महिने

थरोब्रेड घोडा दोन वर्षांचा होताच शर्यतीत उतरतो आणि अनेकदा चार-पाच वर्षांचा असतानाच निवृत्त होतो. पुढे वीसेक वर्षांचं आयुष्य उरतं.

• खुराक : ओट-हरभऱ्याचं प्रमाण ७ ते १० दिवसांत हळूहळू उतरवावं, एकदम बदल केल्यास पोटशूळाचा धोका. ४५० किलोच्या घोड्याला रोज किमान ७ किलो सुकं गवत हवं.
• मोकळीक : तबेल्यात बहुतेक वेळ बांधून राहिलेल्या घोड्याला आधी थोडा वेळ, शांत सोबत्यासह मोकळं सोडावं.
• नाल : शर्यतीसाठीचे ॲल्युमिनियमचे हलके नाल नालबंदाकडून काढून घ्यावेत.
• लगाम : शर्यतीच्या सवयीमुळे लगाम ताणला की घोडा थांबत नाही, उलट जोर लावतो.
• स्वारी : जॉकीला बहुधा चालत्या घोड्यावरच चढवतात, म्हणून स्वार चढताना स्थिर उभं राहणं नव्याने शिकवावं लागतं.