गतकुळांच्या शोधात

गावाचा इतिहास लिहायला बसलेला माणूस सगळ्यात आधी मूळ पुरुष शोधतो. हा मूळ पुरुष बहुधा घोड्यावरून आलेला असतो. कुठल्या तरी छत्रपतींच्या नाहीतर बादशहाच्या फौजेत त्याने तलवार गाजवलेली असते आणि बक्षीस म्हणून त्याला गावची पाटीलकी मिळालेली असते. जत्रेच्या स्मरणिका, देवस्थानांच्या माहितीपुस्तिका, ग्रामपंचायतींचे गौरवअंक असे साहित्य जमवण्याचा मला फार वर्षांचा नाद आहे. दुष्काळात गाव सोडून, डोक्यावर बोचके घेऊन, पोटासाठी चालत आलेला मूळ पुरुष त्यांत मला अजून भेटायचा आहे.

हा नाद पूर्वी चार विक्षिप्त माणसांपुरता होता. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि घराघरांत खापरपणजोबांचा शोध सुरू झाला. १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा कागद हवा, एवढे सगळ्यांना पाठ झाले. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, जन्ममृत्यूचा गाव नमुना चौदा, कडईपत्रक, हक्कनोंदणी यांची नावे चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागली. मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्या मंडळींना पुन्हा दिवस आले. त्यामागच्या राजकारणात मला इथे शिरायचे नाही. मला कुतूहल आहे ते या शोधाच्या आकाराचे. तो कायम एका सरळ रेषेत वर जातो: मी, बाप, आजा, पणजा. वाटेत सापडणारे बाकीचे सगळे लोक आपण ओलांडून पुढे जातो.

ही रेष काढून देणारे लोक आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, त्यांत आपल्या आजोबांची सही पाहून गहिवरलेली माणसे प्रत्येकाच्या ओळखीत असतात. कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडे सुगीनंतर हेळवी येतो, पिढ्यांची नावे घडाघडा म्हणतो आणि धान्य घेऊन जातो. कुलवृत्तांतांची तर कपाटे भरली आहेत. यांतले प्रत्येक साधन मोलाचे आहे आणि प्रत्येकाची एकच खोड आहे: ज्याच्या घरून दक्षिणा येते त्याचीच पिढी लिहिली जाते. ज्याचा वंश बुडाला त्याची ओळ तिथे थांबते, आणि थांबलेल्या ओळीबद्दल विचारायला कोणीच येत नाही.

या थांबलेल्या ओळी कुठे लिहिलेल्या असतील, या प्रश्नाने मला एका डॉक्टरच्या दारात नेऊन उभे केले.

डॉक्टरचे नाव थॉमस कोट्स. पुण्याच्या इंग्रज रेसिडेन्सीचा हा शल्यवैद्य, एल्फिन्स्टनच्या वर्तुळातला. पेशवाई बुडाल्यावर नव्या मुलखाची माहिती गोळा करण्याची जी धांदल उडाली, तिच्यात याने दोन निबंध लिहिले. एक पेशवाईतल्या पंचायतींवर आणि दुसरा पुण्याच्या ईशान्येला पाच-सहा कोसांवरच्या एका गावावर. हा दुसरा निबंध १८२० साली मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे वाचला गेला आणि १८२३ मध्ये तिच्या नियतकालिकाच्या तिसऱ्या खंडात छापून आला. गावाचे नाव लोणी. म्हणजे आजचे हवेली तालुक्यातले, नगर रस्त्यावरचे लोणीकंद.

जागा लक्षात घ्या. १ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई इथून काही किलोमीटरवर झाली. पुण्याकडून पेरण्याच्या जयस्तंभाकडे दरवर्षी लाखो माणसे जातात ती लोणीकंदवरूनच. त्या लढाईवर किती लिहिले गेले आणि अजून किती भांडले जाते! पण लढाईनंतर जेमतेम दोन वर्षांनी शेजारच्या गावात माणसे काय खात होती, किती कर्जात होती, याचा इतका बारकाईचा तपशील छापील स्वरूपात पडून आहे, हे फारसे कोणाच्या गावी नाही.

कोट्सने गाव एखादा रोगी तपासावा तसे तपासले. नाडी पाहिली, जीभ पाहिली, खिसाही पाहिला. साडेतीन हजारांहून अधिक एकर जमीन, साडेपाचशेच्या आसपास वस्ती. घरे, भांडी, कपडे, औते, पिके, गुरे, सारे त्याने टिपले. कुणब्याचा दिवस तर असा लिहिला आहे की वाचताना आपल्याच आजोळी गेल्यासारखे वाटते. कोंबड्याच्या बांगेला उठणे, हातपाय-तोंड धुऊन देवाचे नाव, चिलमीचा झुरका किंवा तंबाखूचा बार, बैल सोडून चरत चरत रानाकडे नेणे, फडक्यात बांधलेली भाकरी, कालचे कालवण, कांदा. आपल्या बखरींत लढाया आहेत, सनदा आहेत, शकुन आहेत. कुणब्याची न्याहारी नाही. ती लिहायला परका माणूस लागला, याची मला थोडी लाज वाटते.

आणि कर्ज. लोणीत कुणब्यांची ८४ कुटुंबे होती. त्यांतली पंधरा-सोळा सोडली तर सगळी सावकाराच्या वहीत. मिळून कर्ज साडेचौदा हजार रुपयांच्या घरात, नेहमीचा व्याजाचा दर दरमहा दरशेकडा दोन. सुप्यात सुरू झालेले, सावकारांविरुद्धचे दख्खनचे दंगे १८७५ चे. शेतकऱ्याला कर्जात इंग्रजी राजवटीने लोटले असे आपण शाळेत शिकलो. लोणीचा कागद सांगतो की इंग्रजी राजवटीने दार उघडले तेव्हा सावकार आधीच ओसरीवर बसलेला होता. इंग्रजांनी त्याच्या हाती कोर्टाचा हुकूमनामा दिला आणि खेळ पालटला, हे खरेच. पण कहाणी त्यांच्यापासून सुरू होत नाही.

माझ्या कामाची गोष्ट मात्र पुढे होती. कोट्सने जमीन कसणाऱ्यांचे मिरासदार आणि उपरी असे दोन प्रकार नोंदले. गावची जमीन थळांत वाटलेली. थळ म्हणजे एका मूळ घराण्याच्या वाट्याचा तुकडा, त्या घराण्याच्याच नावाने ओळखला जाणारा. थळाचा धनी तो थळकरी, मिरासदार. त्याची जमीन वंशपरंपरेची. तो परागंदा झाला तरी पिढी उलटून परत येऊ शके आणि आपले रान मागू शके. उपरी म्हणजे बाहेरून येऊन कौलाने जमीन कसणारा. आणि ज्या थळाचे घराणे संपले किंवा गेले ते परतलेच नाही, ते थळ गतकुळ.

ही सगळी नावे ज्या कागदावर असत तो थळझाडा. पुण्याचा कलेक्टर कॅप्टन रॉबर्टसन याला या कागदांचे भारी वेड. १८२१ च्या अहवालात त्याने थळांचा आणि मिराशीचा असा काही खल केला की पुढे साहेबलोकांत वाद पेटला: गावची जमीन मुळात सगळ्या भाऊबंदांची सामाईक होती, की ज्याची त्याची? रॉबर्टसन एका टोकाला, डेक्कनचा कमिशनर चॅपलिन दुसऱ्या टोकाला. पुढे गुडाईन या अधिकाऱ्याने त्या वेळच्या नगर जिल्ह्यातला पाटोदा भाग पालथा घालून १८५२ मध्ये ग्रामसमुदायांवर अहवाल छापला. वाद कशासाठी, तर सारा कोणाकडून आणि किती वसूल करायचा यासाठी. पण त्या निमित्ताने जुने थळझाडे पेटाऱ्यांतून बाहेर आले, हे उपकार मानायलाच हवेत.

थळझाड्याची गंमत अशी की तो वंशावळीच्या अगदी उलट चालतो. वंशावळीत रक्त टिकते आणि जागा बदलते. थळझाड्यात जागा टिकते, रक्त बदलते. घराणे बुडाले तरी त्याचे थळ त्याच्याच नावाने चालू. आज कसणारा कोणीही असो, कागदावर तुकडा अमक्याचाच. निर्वंश झालेल्या माणसाला स्मारक मिळण्याची आपल्या समाजातली ही बहुधा एकमेव सरकारी सोय होती.

गतकुळे इतकी का? याचे उत्तर लोणीच्या पंचक्रोशीत शोधायला लांब जावे लागत नाही. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशव्यांचा पराभव केला आणि पुणे प्रांत लुटला गेला. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ. त्याआधी १६३०-३२ चा, ज्यात पुणे परगणा ओस पडला. त्याही आधी दुर्गादेवी नावाने ओळखला जाणारा. नंतर १८७६-७८ चा. दर दोन-तीन पिढ्यांनी दख्खनचे गाव रिकामे व्हायचे आणि पुन्हा भरायचे, आणि भरणारी माणसे नेहमी तीच नसायची. एका गावचा गतकुळ दुसऱ्या गावी जगला असेल तर तिथे त्याचे नाव उपरी. त्याचा नातू कौलाच्या जमिनीवर स्थिरावला, पणतू मिरास घेऊन बसला आणि त्याच्या पणतूने स्मरणिकेत लिहिले की आमचा मूळ पुरुष घोड्यावरून आला.

माझा निष्कर्ष इथे सरळ आहे. देशावरच्या कुठल्याही गावात स्वतःला मूळचे म्हणवणारे बहुतेक सगळे केव्हातरी उपरी होते. हे कोणाला कमीपणाचे वाटण्याचे कारण नाही. उलट, ओस गावात येऊन पहिली नांगरट करणे हे घोड्यावरून येण्यापेक्षा अवघड काम आहे.

थळझाडाही सगळ्यांना पाहत नाही. जमिनीचा धनी नसलेल्याला त्यात जागा नाही. महाराचा शोध घ्यायचा तर वतनाच्या भांडणाकडे जावे लागते. पाटीलकीचा वाद गोतसभेपुढे आला की महजर होई आणि खाली जो तो आपली निशाणी करी: पाटलाचा नांगर, सुताराचे किंकरे, न्हाव्याचा आरसा. शिवेचा तंटा असला तर साक्ष महाराची, कारण शीव त्याच्या पायाखालची. शिवेवरून चालत जाऊन दिव्य करण्याची वेळही त्याच्यावर येई. म्हणजे गावची हद्द ज्याच्या शब्दावर ठरे तोच गावकुसाच्या आत राहू शकत नव्हता. या वतनाला मूळ म्हणून कवटाळायचे की फेकून द्यायचे, याचा निकाल बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडून दिला. कनिष्ठ वतने अखेर गेली ती १९५८ च्या कायद्याने. मुळांचा शोध घेताना हे विसरू नये: काही मुळे ही दावणीही असतात.

बायकांचे तर विचारूच नका. वंशावळीच्या झाडाला फांद्या फुटतात त्या जणू आपोआप. विधवेने दत्तकासाठी भांडण केले तर तिचे नाव कागदावर, एरवी नाही. पण त्यांनी आपला दप्तरखाना दुसरीकडे ठेवला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी मावळ-मुळशीपासून सुरुवात करून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेरच्या गावांची, वाटांची, नद्यांची, भावांची नावे आहेत. कुठल्या गावच्या मुली कुठल्या गावी दिल्या जात, हे शोधायला मला तरी यापेक्षा चांगले साधन दिसत नाही. स्थानिक इतिहास लिहिणारे ते अजून वापरत नाहीत, कारण दळण हा पुरावा आहे हेच त्यांना पटत नाही.

थळांचा शेवट कसा झाला? शांतपणे. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची आधीची मोजणी फसल्यावर १८३६ च्या सुमारास इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी मोजणी सुरू केली आणि रानाला नंबर दिला. जो सारा भरेल तो खातेदार. मिरासदार आणि उपरी एका ओळीत आले. उपऱ्याच्या दृष्टीने हा न्यायच होता, आणि तसे मी मानतो. पण घराण्यांच्या नावांची रांग जाऊन आकड्यांची रांग आली. आपल्या सातबाऱ्यावर गट नंबर आहे, त्याखाली सर्व्हे नंबर पुरला आहे आणि त्याच्याही खाली कोणाचे तरी थळ.

लोणीकंदला पुढे आणखी एक वाचक भेटला. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये कोट्सचा निबंध घेऊन त्याच गावी गेले आणि सव्वाशे वर्षांनंतर गाव कसे आहे याचे पुस्तक त्यांनी १९६० साली प्रसिद्ध केले. एकाच खेड्याची इतक्या अंतराने केलेली अशी दोन वर्णने असणे ही भारतात दुर्मिळ गोष्ट. आता तिसरे कोणी लिहायला हवे. वाघोलीपासून पुढे दगडखाणी, गोदामे, चारशे केव्हीचे वीज उपकेंद्र, आणि जमिनींचे भाव ऐकून कोट्सच्या सावकारानेही वही मिटली असती. तिथे आज राहणारे कित्येक जण मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेले. जुन्या भाषेत, उपरी.

म्हणून आपापल्या गावचा इतिहास लिहू पाहणाऱ्यांना माझे एक मागणे आहे. मूळ पुरुषाला त्याच्या घोड्यावर खुशाल बसू द्या. पण मोडीचा जाणकार गाठून थळझाडा मिळतो का पाहा, आणि नाही मिळाला तर म्हाताऱ्या माणसांबरोबर रानात फिरून शेतांची नावे उतरवून घ्या. ज्या आडनावाचा एकही माणूस आज गावात नाही पण ज्याच्या नावाने एखादी पट्टी, विहीर किंवा बांध अजून ओळखला जातो, त्याची वेगळी यादी करा आणि पाटलांच्या वंशावळीच्या आधी ती छापा. खेडोपाडी अशा याद्या झाल्या आणि एकमेकींशेजारी ठेवल्या, तर एका गावची गतकुळे दुसऱ्या गावच्या मूळ पुरुषांशी जुळू लागतील. मुळांचा खरा नकाशा तिथे मिळेल, आणि तो झाडासारखा दिसणार नाही याची मला खात्री आहे.