घसरणीची मुभा : स्पोर्ट्स कारमधील स्थिरता नियंत्रण

धावत्या गाडीचा जमिनीशी संबंध चार टायरांच्या तळाशी, प्रत्येकी साधारण तळहाताएवढ्या जागेपुरताच येतो, आणि वेग वाढवणे, थांबणे व वळणे या तिन्ही कामांसाठी लागणारे सगळे बळ त्या एवढ्याशा जागेतील घर्षणातूनच मिळवावे लागते. स्पोर्ट्स कारमध्ये इंजिनाची ताकद या घर्षणाला सहज भारी पडते. चाकण येथील मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात २०२० साली एएमजी जीएलसी ४३ कूपे या गाडीची जुळणी सुरू झाली. तिचे इंजिन ३९० अश्वशक्ती आणि ५२० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, देत असे. एवढा जोर ओल्या रस्त्यावर एकदम चाकांपर्यंत पोहोचला, तर चारही चाके ओढणाऱ्या गाडीचीसुद्धा पकड सुटू शकते. म्हणूनच अशा गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल आणि स्थिरता नियंत्रण यांच्या एकाहून अधिक पातळ्या दिलेल्या असतात. मात्र त्यांपैकी कोणतीही पातळी निवडली तरी रस्त्यावरची पकड तसूभरही वाढत नाही. निवडीने ठरते ते इतकेच, की गाडी किती घसरू दिल्यानंतर संगणकाने मध्ये पडायचे.

टायरची पकड समजून घेताना प्रथम हे ध्यानात घ्यावे लागते, की चाक जरासे घसरल्याशिवाय जोर लावूच शकत नाही. गाडीच्या वेगापेक्षा चाकाच्या फिरण्याचा वेग सुमारे १० ते २० टक्क्यांनी जास्त असतो, तेव्हा कोरड्या रस्त्यावर पकड सर्वाधिक मिळते. त्यापुढे चाक नुसते गरगरते आणि पकड कमी होऊ लागते. शिवाय टायरजवळची पकड मर्यादित असल्याने तिच्यातला जेवढा भाग वेग वाढवण्यात किंवा ब्रेक लावण्यात खर्च होतो, तेवढा वळण्यासाठी कमी उरतो. वळणावर मागची चाके ओढणाऱ्या गाडीचा ॲक्सिलरेटर जोरात दाबला, की तिची शेपटी बाहेर फेकली जाते ती याच कारणाने.

ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी एबीएस ही यंत्रणा बॉश कंपनीने १९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत आणली. त्याच संवेदकांचा आणि झडपांचा उपयोग पुढे उलट्या कामासाठी, म्हणजे वेग वाढवताना गरगरणारे चाक आवरण्यासाठी होऊ लागला आणि ट्रॅक्शन कंट्रोल अस्तित्वात आले. गाडीची दिशा सांभाळणारी ईएसपी, म्हणजेच स्थिरता नियंत्रण यंत्रणा, १९९५ साली एस-क्लासच्या दोन दारी आवृत्तीत आली. दोनच वर्षांनी, १९९७ मध्ये, स्वीडनमधील एका नियतकालिकाने घेतलेल्या अचानक वळणाच्या चाचणीत मर्सिडीजची छोटी ए-क्लास गाडी उलटली, आणि कंपनीने त्या स्वस्त मॉडेलमध्येही ईएसपी सरसकट बसवली. महागड्या गाड्यांपुरती असलेली ही सोय सामान्य गाड्यांत उतरण्यास त्या एका चाचणीने मोठीच चालना दिली.

यंत्रणेचे प्रत्यक्ष काम कसे चालते, हे हिंगणघाटवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर चांगले समजून घेता येते. पूर्वी क्रमांक ७ म्हणून ओळखला जाणारा हा नागपूर–हैदराबाद रस्ता जामकडून हिंगणघाटला येऊन वडनेरकडे जातो, तो कापसाच्या काळ्या मातीतून. ही माती भिजली की फुगते आणि चाकाला घट्ट चिकटते. दिवाळीच्या सुमारास एकीकडे परतीचा पाऊस रेंगाळलेला असतो आणि दुसरीकडे सोयाबीन व कापूस वावरातून बाजार समितीकडे निघालेला असतो. ट्रॅक्टर पांदणीतून महामार्गावर चढतो, त्याच्या चाकांची माती ढेकळांनी रस्त्यावर पडते आणि मागून येणाऱ्या ट्रकांखाली चिरडून तिचा निसरडा लेप तयार होतो.

अशा लेपावर ताशी ९० किलोमीटर वेगाने आलेल्या गाडीसमोर एकाएकी ट्रॉली आली आणि चालकाने स्टिअरिंग उजवीकडे वळवले, असे समजू. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. ईएसपीचा संगणक सेकंदाला सुमारे २५ वेळा तुलना करतो, म्हणजे दर मीटरला एकदा. स्टिअरिंगचा कोन दाखवणारा संवेदक चालकाला कुठे जायचे आहे ते सांगतो. गाडी स्वतःभोवती किती वेगाने वळते आहे हे मोजणारा संवेदक आणि बाजूचा रेटा मोजणारा संवेदक ती प्रत्यक्षात कुठे चालली आहे ते सांगतात. पुढची चाके लेपावर घसरून गाडी सरळच जात असेल, तर त्या अवस्थेला अंडरस्टिअर म्हणतात. अशा वेळी यंत्रणा आतल्या बाजूचे, म्हणजे उजवे, मागचे एकच चाक ब्रेकने धरते, इंजिनाचा जोर कमी करते आणि गाडीचे नाक उजवीकडे ओढून घेते. ट्रॉली ओलांडून चालक घाईने स्टिअरिंग डावीकडे फिरवतो तेव्हा मागचा भाग उजवीकडे निसटतो. हा ओव्हरस्टिअर, आणि जास्त घातक तोच, कारण यातून गाडी गिरकी घेते. त्या वेळी बाहेरच्या बाजूचे, म्हणजे उजवे, पुढचे चाक धरले जाते. चारपैकी नेमके एकच चाक धरणे माणसाच्या पायाला कधीच शक्य नाही, कारण ब्रेकचे पॅडल एकच असते.

पातळ्यांचा अर्थ आता स्पष्ट होतो. नेहमीच्या पातळीवर यंत्रणा घसरण सुरू होताच आवर घालते. स्पोर्ट पातळीवर ती शेपटीला काही अंशांची मुभा देते आणि ती ओलांडली गेल्यावरच मध्ये पडते. एएमजी गाड्यांत यासाठी चालू, स्पोर्ट आणि बंद अशा तीन अवस्था असतात. फेरारीने २००४ साली एफ ४३० या गाडीच्या स्टिअरिंगवरच मानेत्तिनो नावाची फिरकी बसवली, तर एएमजी जीटी आर या गाडीत ईएसपी पूर्ण बंद केल्यावर ट्रॅक्शन कंट्रोलच्या नऊ पायऱ्या एका पिवळ्या खटक्याने निवडता येतात. या पायऱ्या रेसिंग ट्रॅकसाठी आहेत, जिथे वळणाबाहेर मोकळी जागा असते आणि समोरून कोणी येत नाही. सार्वजनिक रस्त्यावर स्पोर्ट पातळीसुद्धा निरर्थक ठरते, कारण तिची मुभा वापरायची म्हणजे गाडी आपल्या पट्ट्याबाहेर जाऊ द्यायची. जाम–वडनेर पट्ट्यावर तर यंत्रणा नेहमीच्या पातळीवरच असली पाहिजे.

यंत्रणा बंद न करण्याच्या नियमाला एक रास्त अपवाद आहे. मऊ चिखलात रुतलेल्या गाडीचे चाक फिरू लागताच ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाचा जोर कापते आणि गाडी जागची हलत नाही. थोडे फिरू दिले तर चाक खाचांतला चिखल फेकून देऊन खालचा घट्ट थर पकडू शकते. तेवढ्यापुरती बटण दाबून यंत्रणा बंद करावी आणि बाहेर पडताच पुन्हा चालू करावी. रुंद, उथळ खाचांच्या टायरांची बुटकी स्पोर्ट्स कार काळ्या मातीत खोलवर रुतली असेल, तर चाके फिरवून ती आणखी बसते. तिला ट्रॅक्टरने ओढून काढणेच बरे.

यंत्रणेच्या मर्यादा भौतिकशास्त्राने ठरवलेल्या आहेत. १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ९० वेगाला गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ६४ टक्के एवढी बाजूची पकड लागते, तर ताशी ११० ला सुमारे ९५ टक्के. म्हणजे वेग सव्वापटीहून कमी वाढला तरी गरज दीडपटीच्या घरात जाते. चांगल्या टायरांना कोरड्या रस्त्यावर पहिल्या वेगाने हे वळण साधते, ओल्यावर ते कठीण होते आणि दुसऱ्या वेगाने तर साधतच नाही. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागला, तर ब्रेक धरायला खाली रस्ताच नसतो. चारपैकी एका चाकाला वेगळ्या मापाचा टायर बसवला, तर चाकांचे वेग वेगवेगळे दिसून संगणकाचा हिशेबही बिघडतो.

अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलांपासून आणि युरोपात २०१४ पासून सर्व नव्या मोटारींत ही यंत्रणा सक्तीची आहे. भारतात एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले. स्थिरता नियंत्रणाचा आग्रह मात्र ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅप या ऐच्छिक मूल्यांकनातून आला असून त्यात तीन किंवा अधिक तारे मिळवण्यासाठी ते आवश्यक आहे. गाडी घेताना डॅशबोर्डवरचा घसरत्या गाडीच्या चित्राचा दिवा पाहावा : इंजिन सुरू करताना तो क्षणभर लागून विझला पाहिजे, चालताना लुकलुकला तर यंत्रणा त्या क्षणी काम करते आहे, आणि बटण न दाबताही सतत पेटून राहिला तर तिच्यात बिघाड आहे.