ऑइल घरी बदलाल. पण जळके ऑइल टाकणार कुठे?

आंबवडे (ता. भोर) - मोटारीच्या इंजिनातील ऑइल स्वतः बदलले, तर गॅरेजची मजुरी वाचते. आंबवड्यासारख्या गावात बचत त्याहून मोठी असते. पुण्यातील सर्व्हिस सेंटरला जाऊन येण्यास शंभर किलोमीटरहून अधिक अंतर पडते. त्याचे इंधन आणि बुडालेला दिवस वाचतो. ऑइल व फिल्टर यांची किंमत मात्र कुठेही चुकत नाही.

काम अवघड नाही. मोटार सपाट जागी लावून इंजिन किंचित गरम करावे व बंद करावे. ऑइल चेंबरच्या तळाचा बोल्ट काढून ऑइल पसरट घमेल्यात घ्यावे. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला ऑइल लावून तो हातानेच आवळावा. बोल्टखालचा वॉशर नवा घालावा. येथेच घाई नडते. बोल्ट अति आवळला, तर चेंबरचे आटे जातात आणि वाचलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च येतो. लहान पेट्रोल मोटारीला साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑइल लागते. पातळी डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये असावी. केवळ जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कदापि शिरू नये.

ऑइलचा ग्रेड मोटारीच्या पुस्तिकेतूनच ठरवावा. धुराचा फिल्टर असलेल्या बीएस-६ डिझेल मोटारींना कमी राख सोडणारे ऑइल लागते. मांढरदेवीचा घाट नेहमी चढणाऱ्यांनी पुस्तिकेतील खडतर वापराची मुदत पाळावी. वॉरंटी शिल्लक असल्यास हा उद्योग टाळलेलाच बरा.

खरा प्रश्न घमेल्यातील काळ्या ऑइलचा आहे. वाळवी लागू नये म्हणून ते खांबांना व चौकटींना फासण्याची, उरलेले बांधावर ओतण्याची सवय खेडोपाडी जुनी आहे. या ऑइलमध्ये जड धातू व कर्करोगकारक घटक असतात. म्हणून हातमोजे हवेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनुसार एका वेळी बदललेले ऑइल दहा लाख गॅलन गोडे पाणी दूषित करू शकते. भोर तालुक्यातील ओढ्यांचे पाणी अखेर नीरेला मिळते, हे लक्षात घेतले पाहिजे.

२०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले ऑइल हा घातक कचरा असून, ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जाणे अपेक्षित आहे. घरच्या चार लिटरसाठी कोणी गावात येणार नाही. त्यामुळे ते झाकणाच्या कॅनमध्ये, पाणी वा पेट्रोल न मिसळता साठवावे आणि अशा व्यावसायिकांना ऑइल देणाऱ्या गॅरेजकडे पोचवावे. गॅरेज ते घेणार का, हे बोल्ट सैल करण्यापूर्वीच विचारून घ्यावे.