फोटो तुमचा, पेज दुसऱ्याचं; वेबसाइटला तो कधी काढावा लागतो?

अवकाळीने भात झोपला की पहिला फोटो निघतो तो शेतकऱ्याच्या किंवा गावातल्या वार्ताहराच्या मोबाइलमधून. संध्याकाळपर्यंत तोच फोटो चार पेजवर दुसऱ्याच्या नावाने फिरत असतो. उलटंही घडतं. हळदीचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला, मागे डीजेवर सिनेमातलं गाणं वाजत होतं, की गाण्याच्या कंपनीचा दावा येतो आणि आवाज बंद होतो. या कंपन्यांपैकी बऱ्याच जणांचा कारभार आपल्या लोकलच्या वाटेवरच्या अंधेरीतून चालतो. दोन्हीकडे प्रश्न एकच: लोकांनी टाकलेला मजकूर काढायला वेबसाइट बांधील कधी असते?

पालघरचं प्रकरण आणि कायदा

नोव्हेंबर 2012 मध्ये मुंबई बंदवर फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरला दोन तरुणींना अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल ही याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. 24 मार्च 2015 ला न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-अ रद्द केलं. त्याच निकालात कलम 79 चा अर्थही लावला. कोणीही उठून तक्रार केली म्हणून वेबसाइटने मजकूर काढलाच पाहिजे असं नाही. न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची कायदेशीर सूचना आली, की मात्र काढावा लागतो. नाहीतर प्रत्येक तक्रारीचा न्याय कंपनीच करत बसली असती.

मग चोरलेल्या फोटोसाठीही आधी कोर्टात जायचं का? याचं उत्तर दुसऱ्या खटल्यात आहे. टी-सिरीज म्हणजे सुपर कॅसेट्स कंपनीने मायस्पेस या वेबसाइटवर दावा लावला होता, कारण लोक तिथे त्यांची गाणी टाकत होते. 23 डिसेंबर 2016 ला दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, लोक काय टाकतात ते वेबसाइटने आधीच चाळून बघावं अशी सक्ती नाही. दोन, कॉपीराइटच्या बाबतीत मालकाने नेमकी जागा दाखवून कळवलं, तर कोर्टाच्या आदेशाची वाट न बघता मजकूर काढावा लागतो. नुसती गाण्यांची लांबलचक यादी पाठवून भागत नाही.

म्हणजे बदनामी किंवा राग-लोभाची तक्रार वेगळी आणि कॉपीराइटची तक्रार वेगळी. दुसरीत मालकाच्या पत्रालाच वजन आहे.

36 तास आणि 21 दिवस

कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. त्यानुसार फोटो ज्याने काढला तो साधारणपणे मालक. नोंदणी सक्तीची नाही. पगारावर किंवा पैसे घेऊन दुसऱ्यासाठी काढला असेल, तर मात्र आधी करार बघावा.

2012 च्या दुरुस्तीने कलम 52 मध्ये आणि 2013 च्या नियम 75 मध्ये तक्रारीची रीत दिली आहे. लेखी तक्रारीत हे लागतं:

- कोणता फोटो किंवा व्हिडिओ, त्याचं वर्णन
- तो तुमचाच आहे याचा तपशील
- चोरीची प्रत कुठे आहे, तिची नेमकी लिंक
- टाकणारा माहीत असेल तर त्याची माहिती
- 21 दिवसांत दावा लावून कोर्टाचा आदेश आणू, अशी हमी

तक्रारीत तथ्य दिसलं, की वेबसाइटने 36 तासांत तो मजकूर दिसणं बंद करायचं. पण हे कायमचं नाही. 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही, तर ती तो पुन्हा दाखवू शकते. बरेच जण इथेच गाफील राहतात. दावा लावायला मुंबई-दिल्ली गाठावी लागत नाही. कलम 62 नुसार मालक जिथे राहतो किंवा धंदा करतो, तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो.

कंपनीच्या अटींचा दरवाजा

दुसरा रस्ता वेबसाइटच्या स्वतःच्या अटींचा. खातं उघडताना आपण न वाचता ‘मान्य’ दाबतो, तो करारच असतो. त्यात दुसऱ्याचा मजकूर टाकू नका असं लिहिलेलं असतं आणि कॉपीराइटच्या तक्रारीचा फॉर्मही असतो. बहुतेक वेळा काम इथेच होतं. पेजवरचं ‘शेअर’ बटण दाबणं म्हणजे चोरी नव्हे, ती परवानगी अटींतच असते. फोटो उतरवून स्वतःच्या नावाने टाकणं वेगळं.

हाच दरवाजा आपल्यावरही उघडतो. यूट्यूबवर ‘दावा’ आणि ‘स्ट्राइक’ यात फरक आहे. दाव्यात आवाज बंद होतो किंवा जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाला जातात. पण मालकाने काढण्याची रीतसर मागणी केली, तर स्ट्राइक बसतो. 90 दिवसांत तीन स्ट्राइक झाले, की चॅनेलच जाऊ शकतं. चार वर्षांचे व्हिडिओ आणि महिन्याची कमाई एका दिवसात. व्हिडिओ तुमचाच असेल तर प्रतिदावा करता येतो. मग 10 कामकाजाच्या दिवसांत मालकाने कोर्टात गेल्याचं दाखवलं नाही, तर व्हिडिओ परत येतो.

कोणी उगाच कॉपीराइटची धमकी देत असेल, तर कलम 60 खाली त्याच्यावरच दावा करता येतो.

हे आधीच करून ठेवा

मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नका, तारखेसकट जपा. व्हॉट्सअॅपवर आलेली प्रत पुरावा म्हणून कमी पडते. चोरी दिसली की भांडायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या आणि लिंक लिहून ठेवा, कारण समोरचा पोस्ट पुसतो आणि मग दाखवायला काही उरत नाही. कार्यक्रमाच्या व्हिडिओत डीजेऐवजी तारप्याचा किंवा ढोलाचा खरा आवाज ठेवा. आणि बातमीखाली वार्ताहर म्हणून दुसऱ्याचा फोटो लावायचा असेल, तर आधी त्याला एक फोन करा आणि होकार लेखी मागून घ्या.