वृषणाचा कर्करोग: रक्तातील खुणा काय सांगतात, काय नाही

वृषणाचा कर्करोग तसा दुर्मीळ आहे. भारतात त्याचे वार्षिक प्रमाण एक लाख पुरुषांमागे एकाहूनही कमी आहे. मात्र तो प्रामुख्याने १५ ते ४० वर्षे वयाच्या तरुणांमध्ये आढळतो आणि वेळीच निदान झाल्यास बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. म्हणूनच निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या रक्तचाचण्यांचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

सध्या तीन घटक तपासले जातात: एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच. एएफपी हे प्रथिन गर्भाच्या शरीरात, तर एचसीजी हे संप्रेरक गर्भवतीच्या वारेत तयार होते. निरोगी पुरुषाच्या रक्तात दोन्ही नगण्य असतात. वृषणाच्या बहुतेक गाठी जननपेशींपासून उद्भवतात. या पेशी गर्भावस्थेतील पेशींसारख्या वागू लागल्या की हे घटक रक्तात उतरतात. एलडीएच मात्र इतर अनेक कारणांनीही वाढते.

या चाचण्यांची मर्यादा येथेच आहे. ‘सेमिनोमा’ प्रकारच्या गाठीत एएफपी तयार होत नाही आणि एचसीजीही मोजक्याच रुग्णांत वाढते. गाठ लहान असताना तिन्ही घटक सामान्य असू शकतात. उलट, यकृताच्या विकारातही एएफपी वाढते. त्यामुळे केवळ अहवाल सामान्य आला म्हणून कर्करोग नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

शस्त्रक्रियेनंतर मात्र हेच घटक मोलाचे ठरतात. रक्तातील एएफपी साधारण ५ ते ७ दिवसांत, तर एचसीजी एक ते दीड दिवसात निम्मे होते. घट या गतीने झाली नाही, तर शरीरात अन्यत्र रोग शिल्लक असल्याची शंका घेतली जाते.

ही उणीव भरून काढण्यासाठी संशोधकांचे लक्ष आता ‘मायक्रोआरएनए-३७१’ या सूक्ष्म रेणूकडे लागले आहे. जर्मन संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६१६ रुग्णांपैकी सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये या चाचणीने रोग ओळखला. सेमिनोमाही तिच्या टप्प्यात येतो. ‘टेराटोमा’ प्रकारची गाठ मात्र तिलाही सापडत नाही.

म्हणून पहिली खूण आजही हाताला लागणारीच आहे. वृषणात वेदनारहित गाठ, सूज किंवा जडपणा जाणवल्यास संकोच न करता डॉक्टरांना दाखवून सोनोग्राफी करून घ्यावी. बालपणी वृषण अंडकोषात न उतरलेल्यांनी विशेष दक्ष राहावे. दुखत नाही म्हणून थांबणे किंवा रक्ताचा अहवाल चांगला आला म्हणून निर्धास्त होणे, दोन्ही घातक ठरू शकते.