घराण्याचा शोध आणि नेमका प्रश्न

चंद्रपूरचे ऊर्जानगर वीज केंद्राबरोबर वसले. इथली बरीच कुटुंबे बाहेरगावची, म्हणून "आपण मूळचे कुठले?" हे कुतूहल साहजिकच. पण त्यालाच शोधप्रश्न समजण्यात गफलत होते. शोधप्रश्न म्हणजे एक व्यक्ती, एक घटना, एक गाव आणि ठरावीक काळ यांत बसणारा, एखाद्या नोंदीने सुटू शकेल असा प्रश्न. एसटीच्या चौकशी खिडकीवर नुसते "गाडी कधी?" विचारून भागत नाही, गाव सांगावे लागते, तसेच हे. "पणजोबा 1930 ते 1940 दरम्यान वरोरा तहसिलीतल्या अमुक गावी वारले का?" असे विचारले, की कोतवाल बुकात (गावच्या जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही) काय पाहायचे ते ठरते. नाव सापडले नाही म्हणजे घराणे इथले नव्हेच, असे मात्र लगेच मानू नये. कारण जिल्ह्याचे नाव आणि सीमा बदलत गेल्या: जुन्या कागदांत चंद्रपूरऐवजी चांदा आहे, गडचिरोली 26 ऑगस्ट 1982 पर्यंत याच जिल्ह्यात होते, तर राजुरा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात.

इतक्या आवळलेल्या प्रश्नांनी वडीलधाऱ्यांच्या आठवणी आटतात, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून आजीला आधी मोकळे बोलू द्यावे. तिच्या ऐकीव गोष्टीत "मानमोडीच्या साथीत गाव सोडले" असे आले, तर ती इन्फ्लुएंझाची साथ असल्याने साल 1918 च्या आसपासचे धरता येते. नेमका प्रश्न त्यानंतर बांधावा.